गोधडीच्या टाक्यातून जाकीट: जुन्या कापडांचे ठिगळकाम शिकणाऱ्यांसाठी

ठिगळकामाचे जाकीट शिवायला घेणारी बहुतेक नवखी मंडळी आधी जाकिटाचे भाग कापून घेतात आणि मग त्यांवर तुकडे बसवू लागतात. काम पुढे सरकते तसे कापड टाक्याटाक्याने आकसत जाते, मुंढा (हात घालण्याची गोल जागा) लहान होतो, समोरचे दोन भाग एकमेकांशी जुळेनासे होतात, आणि एवढ्या मेहनतीने केलेले वस्त्र अंगात न जाता कपाटात पडून राहते. गोधडीची रीत नीट पाहिली, तर ही अडचण टाळता येते. आपल्याकडच्या गोधडीत किंवा वाकळीत तुकड्याला तुकडा जोडत बसत नाहीत; खाली अख्खे लुगडे पसरतात, त्यावर जुनेर अंथरतात आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र बांधून टाकतात. हीच रीत वस्त्रासाठी वापरायची: आधी ठिगळांचे कापड घडवायचे, त्यावरचे भरतकाम ते सपाट असतानाच उरकायचे, आणि कात्री त्यानंतर चालवायची.

येथे उदाहरणादाखल छत्तीस इंच छातीच्या व्यक्तीसाठी बिनबाह्यांचे, समोरून उघडे, बावीस इंच उंचीचे जाकीट घेतले आहे. कॉलर नाही, बाही नाही, चुण्या नाहीत. त्यामुळे बेतकामाची फारशी माहिती नसली तरी ते जमते, आणि सगळे लक्ष कापडाकडे देता येते.

तुकड्याला तुकडा जोडून चौकटी तयार करण्याची पाश्चात्त्य पद्धतही सुंदर आहे, पण तिला काटेकोरपणा लागतो. जाकिटाच्या पाठीच्या रुंदीत आठ तुकडे बसवले तर सात शिवणी येतात, आणि प्रत्येक शिवणीत दीड मिलिमीटरची चूक झाली तरी पाठ सुमारे एक सेंटिमीटरने चुकते. शिवाय प्रत्येक शिवणीची माया (शिवणीपलीकडे सोडलेले जास्तीचे कापड) आतल्या बाजूस राहते, ती धुण्यात उसवते, म्हणून अस्तर आलेच. पायाच्या कापडावर तुकडे बसवले तर ही दोन्ही दुखणी राहत नाहीत, आणि वाकडातिकडा तुकडाही चालतो.

या पद्धतीचा एक अस्सल नमुना महाराष्ट्राच्या दक्षिणेला लागूनच आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूर परिसरात राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. जुन्या साडीच्या पायावर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून त्या कडेकडेने तुकडे लावत जातात. प्रत्येक नवा तुकडा आधीच्या तुकड्याची कच्ची कड झाकतो, आणि कडेला समांतर जाणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळी फिरत फिरत मध्यापर्यंत पोहोचतात. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुले' लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. आपण जाकिटासाठी यातली कच्ची कड झाकण्याची युक्ती घेणार आहोत. ओळींची दिशा मात्र बदलावी लागेल, कारण कडेकडून मध्याकडे शिवत गेल्यास कापडाचा फुगा मध्यभागी जमतो. अंथरुणावर तो खपतो. पाठीवर तो कुबडासारखा दिसतो.

कापडाची निवड

या कामासाठी जुन्या सुती साडीइतके चांगले कापड नाही. अनेक धुण्यांनंतर तिचे आकसणे संपलेले असते, जास्तीचा रंग निघून गेलेला असतो, आणि ती इतकी मऊ झालेली असते की तीन थरांतूनही सुई अडखळत नाही. मात्र साडी सर्वत्र सारखी झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि गुडघ्याच्या आसपास ती विरते. नेसताना जो शेव प्रथम कमरेला खोचला जातो, तो वर्षानुवर्षे आत झाकलेला असल्यामुळे बराच टिकतो. म्हणून तुकडे कापण्याआधी साडी उजेडासमोर धरून पाहावी आणि विरलेल्या भागांवर खडूने फुली मारावी. कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणल्यावर 'चर्र' असा आवाज आला, तर ते कितीही आवडते असले तरी वगळावे. जुन्या रेशमाच्या बाबतीत ही परीक्षा दोनदा करावी, कारण घडीच्या रेषेवर रेशीम फाटलेले असते आणि इस्त्री केल्यावर ते लक्षात येत नाही.

सुती साडीच्या जोडीला खण आणि इरकल यांचे तुकडे फार शोभतात. खण मुळात चोळीचे कापड. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे त्याचे माहेर, आणि त्याच जिल्ह्यातील इळकल गावावरून इरकल साडीला नाव मिळाले. खणाची वीण सुलट बाजूने देखणी असली तरी त्याच्या कडा फार लवकर सुटतात, म्हणून खणाच्या तुकड्याला सर्व बाजूंनी नेहमीपेक्षा दुप्पट माया ठेवावी. आज खण म्हणून विकले जाणारे पुष्कळसे कापड कृत्रिम धाग्याचे असते. शंका आल्यास दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत: सूत कागदासारखे जळून त्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. असे कापड वर्ज्य नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरवता येत नाही, आणि शंभर तुकड्यांपैकी चारच तुकडे कृत्रिम असले तरी संपूर्ण जाकिटाला त्या चार तुकड्यांच्या मर्जीने इस्त्री करावी लागते.

रंगाची परीक्षा टाळू नये. नवे किंवा गडद कापड ओले करून पांढऱ्या रुमालावर जोराने घासावे. रुमाल रंगला तर ते कापड स्वच्छ पाणी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे, आणि तरीही रंग जात राहिला तर सोडून द्यावे. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगितले जाते. आजच्या कारखानी रंगांच्या बाबतीत त्यावर विसंबून मी एक जाकीट गमावले आहे. लाल खणाने शेजारच्या सगळ्या फिक्या तुकड्यांना गुलाबी करून टाकले.

किती कापड लागेल? पाठीसाठी चोवीस इंच रुंद आणि सव्वीस इंच उंच, आणि समोरच्या प्रत्येक भागासाठी चौदा बाय सव्वीस इंच एवढे पायाचे तुकडे धरले, तर चार इंची चौरस तुकडे सुमारे सव्वाशे ते दीडशे लागतात, म्हणजे सगळी कापडे मिळून सुमारे दीड मीटर. पायासाठी वेगळे दीड मीटर आणि गोटासाठी, म्हणजे कडा मढवण्याच्या पट्टीसाठी, अर्धा मीटर. शिंप्याकडे मिळणारी कातरणे यात सहज मावतात, पण ब्लाउजच्या कातरणांमध्ये अस्तराचे पातळ आणि कडक तुकडे मिसळलेले असतात. ते वेगळे काढावेत.

रंगसंगतीबद्दल एवढेच सांगेन की रंगापेक्षा गडद-फिक्याचा तोल महत्त्वाचा आहे. सगळे तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात सगळे एकसारखे करडे दिसत असतील, तर प्रत्यक्षात रंग कितीही वेगवेगळे असले तरी जाकीट चार हातांवरून धुरकट दिसेल. एकतृतीयांश तुकडे स्पष्टपणे फिके असावेत. आणि एखादे साधे, बिननक्षीचे कापड भरपूर घ्यावे. नक्षीला विसावा हवा असतो.

पाया आणि ठिगळे

पायासाठी धुवून आकसवलेली मलमल किंवा जुन्या साडीचा चांगला भाग घ्यावा. हा पाया जाकिटाच्या आतल्या बाजूने दिसणार आहे आणि धावदोऱ्याची उलट बाजू त्यावर उमटणार आहे, म्हणून तो चांगला दिसेल असाच निवडावा. अशा जाकिटाला वेगळे अस्तर लागत नाही. अधिक ऊब हवी असल्यास पाया आणि ठिगळे यांच्यामध्ये जुन्या धोतराचा एक थर घालावा. बाजारात मिळणारा कृत्रिम कापसाचा थर जाकिटाला फुगवतो, आणि आपल्या हवेत असे जाकीट वर्षातून फार तर दोन महिने अंगावर चढते.

आकाराचा कागद हाताशी आधीच तयार असावा. आपल्याला नीट बसणारे एखादे साधे जाकीट वर्तमानपत्रावर पसरून त्याची पाठ आणि एक समोरचा भाग गिरवून घ्यावा, सर्व शिवणींना अर्धा इंच माया द्यावी. जेथे गोट येणार आहे, म्हणजे गळा, मुंढा, समोरची कड आणि खालचा घेर, तेथे माया देऊ नये. ठिगळांच्या कापडाला जाडी असते, त्यामुळे छत्तीस इंच छातीसाठी तयार जाकीट निदान चाळीस-एकेचाळीस इंचांचे असावे. हा कागद पायाच्या कापडावर ठेवून पेन्सिलीने फक्त त्याची बाह्यरेषा काढावी. पायाचे कापड मात्र या रेषेच्या बाहेर सर्व बाजूंनी किमान एक इंच जास्त असावे. पायाचा उभा धागा जाकिटाच्या उभ्या दिशेनेच यावा. ठिगळे कशीही फिरवली तरी चालतात, कारण ओढ पाया सोसतो.

आता ठिगळे लावण्याचा क्रम. कौलारू छपरावर वरच्या ओळीची कौले खालच्या ओळीवर चढलेली असतात. तीच मांडणी येथे करायची. सर्वांत खालच्या ओळीपासून, डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी. पहिला तुकडा पायाच्या कडेशी जुळवून तसाच ठेवावा. दुसऱ्या तुकड्याची डावी कड पाव इंच आत दुमडून, नखाने किंवा इस्त्रीने दाबून, ती पहिल्या तुकड्याच्या उजव्या कच्च्या कडेवर अर्धा इंच चढवावी. अशी ओळ पूर्ण झाली की वरच्या ओळीतील तुकड्यांच्या डाव्या आणि खालच्या अशा दोन कडा दुमडाव्यात. खालची कड आधीच्या ओळीला झाकते, डावी कड शेजाऱ्याला झाकते, आणि वरची व उजवी कड पुढच्या तुकड्यांची वाट पाहत कच्ची राहते. दुमडलेल्या कडा खाली पाहत असल्यामुळे त्यांत धूळ साचत नाही आणि बोटही अडकत नाही.

प्रत्येक तुकडा दोन टाचण्यांनी अडकवावा, आणि चार-पाच ओळी झाल्या की लांब कच्च्या टाक्यांनी, सुमारे तीन इंचांच्या अंतराने, उभ्या आडव्या रेषा घालून सगळे थर पकडून ठेवावेत. हा कच्चा टाका अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. तो वगळून टाचण्यांवर भागवलेले काम मी पुष्कळ पाहिले आहे आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात कुठे ना कुठे चुणी आहे.

तुकडे सगळे चौरस असावेत असे मुळीच नाही. साडीच्या काठाची लांब पट्टी एका बाजूने उभी सोडता येते, पदराचा मोठा तुकडा पाठीच्या मध्यभागी अखंड ठेवता येतो, आणि खणाचा त्रिकोणही बसतो. त्रिकोणाची तिरकी बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, येते आणि हातात घेताच ताणली जाते, म्हणून तिला इस्त्री फिरवून दुमडू नये, दाबून दुमडावी. काठ हा साडीच्या अंगापेक्षा जाड आणि ताठ असतो. दोन काठ एकमेकांवर चढले की तेथे सुई अडते. जरीचा काठ गळ्याच्या कडेला घेऊ नये, मानेला टोचतो.

धावदोरा

सुई जेवढी लहान तेवढा टाका बारीक, असा सर्वसाधारण नियम आहे, पण शिकताना मध्यम लांबीची, बारीक टोकाची आणि दोरा सहज ओवता येईल एवढ्या नेढ्याची सुई घ्यावी. दोरा सुतीच असावा. चिवट पॉलिस्टर दोरा झिजलेल्या सुताला कापत जातो. हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नये, कारण तो गुंततो आणि वारंवार ओढला जाऊन शेवटाकडे विरतो. ओवण्यापूर्वी मेणाच्या तुकड्यावरून एकदा फिरवला तर गाठी कमी पडतात. ओळी उठून दिसायला हव्या असतील, तर भरतकामाच्या सहा पदरी लडीतले तीन पदर घ्यावेत. अँकरसारख्या लडीचे पदर एकेक करून सुटे ओढावेत आणि मग एकत्र जुळवावेत, म्हणजे पीळ पडत नाही.

ओळी आडव्या, खालच्या कडेला समांतर, अर्ध्या इंचाच्या अंतराने घ्याव्यात. पहिली ओळ मध्यभागी घालावी, मग एक तिच्या वर, एक तिच्या खाली, अशी दोन्हीकडे सरकत जावी. प्रत्येक ओळीआधी तळहाताने कापड मध्याकडून बाहेर सारखे करावे. टाका वरच्या बाजूस तीन ते चार मिलिमीटरचा असावा आणि खालच्या बाजूस तेवढाच. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरून मग दोरा ओढावा, आणि ओढल्यानंतर ओळीवरून अंगठा फिरवून कापड परत मोकळे करावे. बहुतेकांचे काम आकसते ते येथेच: दोरा ओढण्याची सवय असते, सोडण्याची नसते. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी; सुई अर्धा इंच अलीकडून फक्त वरच्या थरात घालून, हलका झटका देऊन गाठ आत ओढून घेतली की ती बाहेर दिसत नाही.

मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलण्यासाठीची टोपी) घालण्याचा सुरुवातीला कंटाळा येतो. तिसऱ्या दिवशी बोटाची कातडी सोलली की तो कंटाळा जातो.

तुकड्यांच्या दुमडलेल्या कडांवर आडव्या ओळी आपोआप येतात, पण उभ्या कडा दोन ओळींच्या मध्ये सैल राहतात. त्या कडांवर स्वतंत्र बारीक टाका घ्यावा, किंवा काज टाका घालून तीच सजावट करावी. मशीनवरही धावदोऱ्याच्या जागी टिपा मारता येतात. काम आठवड्यात उरकते, आणि टिकाऊपणातही उणे नसते. पण टिपेने कापड फळीसारखे ताठ होते. हातटाक्याचे ठिगळकाम अंगावर वळते, आणि वस्त्रासाठी तेच हवे आहे.

सजावट: किती आणि कोठे

भरतकाम, आरसे, मणी, कवड्या यांची जागा ठरवताना आरशासमोर उभे राहून पाहणे पुरेसे नाही. बसून, पाठ टेकून, खांद्याला पिशवी अडकवून पाहावे. काखेखालचा भाग हाताने सतत घासला जातो. पाठीचा मधला भाग खुर्चीला टेकतो. उजव्या किंवा डाव्या खांद्यावर पिशवीचा पट्टा येतो. या जागी उंचवटा येईल असे काहीही लावू नये. तेथे सपाट साखळी टाका किंवा नुसता धावदोरा शोभतो. उठावाची सजावट छातीच्या वरच्या भागात, समोरच्या उभ्या कडांलगत आणि पाठीवर मानेच्या खाली चार-पाच इंचांच्या पट्ट्यात करावी. जाकीट समोरून जड झाले तर ते गळ्याकडून पुढे घसरते, म्हणून समोर जेवढे वजन तेवढे पाठीच्या वरच्या पट्ट्यातही असावे.

या बाबतीत बंजारा स्त्रियांच्या पोशाखाकडे पाहावे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बंजारा किंवा लमाणी तांड्यांवर फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवर ठिगळे, आरसे, कवड्या आणि नाणी यांचे जे काम होते, ते नुसते भरगच्च नसते. वजनदार वस्तू पट्ट्यांवर आणि कडांवर एकवटलेल्या असतात, जेथे खालचे कापड दुहेरी-तिहेरी असते. बल्लारी भागातील संडूरच्या लमाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक निर्देशांक (जीआय मानांकन) मिळाला. त्या कामाची नक्कल करून ते आपले म्हणून मिरवण्यापेक्षा त्यातला हा विचार घ्यावा, असे मला वाटते. आणि अस्सल पट्टी लावायचीच असेल तर ती तांड्यावरच्या कारागिराकडून योग्य दाम देऊन घ्यावी.

आरसा बसवणे अवघड नाही, फक्त त्याची चौकट घट्ट हवी. बोटाच्या नखाएवढा गोल आरसा कापडावर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबून धरावा. सुई आरशाच्या कडेलगत खालून वर काढावी, दोरा आरशावरून सरळ पलीकडे नेऊन कडेलगत खाली घालावा. हा दोरा आरशाच्या मध्यावर न येता कडेपासून सुमारे एकतृतीयांश अंतरावर यावा. त्याला समांतर दुसरा दोरा उरलेल्या बाजूस घालावा. मग तसेच दोन दोरे आडव्या दिशेने घालावेत आणि आधीचा दोरा जेथे भेटेल तेथे त्याला एक वेढा द्यावा. आता आरशावर दोऱ्यांची चौकट तयार झाली. बोटाने हलवल्यावर आरसा सरकत असेल तर चौकट उसवून पुन्हा घालावी, कारण पुढचे सगळे काम तिच्यावर उभे राहते. यानंतर सुई आरशाच्या कडेला वर काढून चौकटीच्या दोऱ्याखालून घालावी आणि दोरा ओढावा. लगेच आरशाच्या कडेलगत कापडात एक लहान टाका घ्यावा, दोरा सुईच्या टोकाखाली ठेवून. पुन्हा चौकटीखालून, पुन्हा कापडात. असे करत गोल फिरले की चौकटीचे दोरे बाहेर ओढले जातात आणि आरशाभोवती दाट कडे तयार होते. यासाठी चार पदर दोरा घ्यावा. काचेऐवजी प्लास्टिकचे आरसे हलके असतात, पण इस्त्रीने वाकतात आणि काही धुण्यांनंतर त्यांची चकाकी जाते. मी थोडेच लावते, पण काचेचे.

कवड्या निवडताना पाठ घासून सपाट केलेल्या घ्याव्यात, म्हणजे भोकातून दोरा जातो आणि कवडी कापडावर बसते. प्रत्येक कवडी स्वतंत्र गाठ मारून लावावी. एकाच दोऱ्यात ओवलेली रांग एका ठिकाणी तुटली की सगळी जाते. मण्यांनाही हाच नियम. हे साहित्य पुण्यात तुळशीबागेत आणि मुंबईत भुलेश्वरला भरपूर मिळते, आणि तेथे गेल्यावर ठरवल्यापेक्षा दुप्पट घेतले जाते. म्हणून जागा आधी कागदावर आखून, मोजून जावे.

शिवणीच्या रेषेपासून पाऊण इंचाच्या आत आरसा, मणी किंवा कवडी लावू नये. मशीनचा दाबपट्टा (सुईजवळ कापड दाबून धरणारा पाय) तेथून जायचा आहे.

कापणे आणि जोडणे

सजावट झाल्यावर कापड उलटे करून, जाड टॉवेलवर ठेवून, हलकी इस्त्री करावी. आता आकाराचा कागद पुन्हा वर ठेवावा. पेन्सिलीची जुनी रेषा आणि कागद यांत अर्धा ते एक इंच फरक पडलेला दिसेल. एवढे आकसणे अपेक्षितच होते, त्यासाठीच एक इंच जास्त ठेवला होता. खडूने नवी रेषा काढावी. लगेच कात्री चालवू नये: या नव्या रेषेच्या आतून, तिच्यापासून तीन मिलिमीटरवर, मशीनची एक टीप सभोवार मारावी आणि मगच रेषेवर कापावे. हातटाक्याच्या ज्या ओळी कापल्या जातात त्यांची टोके या टिपेत अडकलेली असल्यामुळे काम सुटत नाही, आणि गळा व मुंढा ताणलाही जात नाही.

या जाडीसाठी सोळा नंबरची सुई लावावी आणि टाक्याची लांबी तीन मिलिमीटर ठेवावी. घरी जुने काळे पायमशीन असेल तर दाबपट्ट्याच्या दांडीवरचा स्क्रू थोडा सैल करावा, म्हणजे वरचा थर पुढे ढकलला जात नाही. प्रथम खांदे, अर्ध्या इंचावर. शिवणीत एक सुती फीत धरावी, कारण सगळे जाकीट खांद्यांवर लटकते. मग बगला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिवणी. आतल्या बाजूने दिसणारी माया पाव इंचापर्यंत कातरून, उरेब पट्टीने झाकून, पाठीकडे वळवून हाताने टाचावी.

गोटासाठी अर्ध्या मीटर कापडातून पंचेचाळीस अंशांवर दीड इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या कापाव्यात. खालचा घेर, समोरच्या दोन कडा आणि गळा मिळून सुमारे शंभर इंच, दोन मुंढे मिळून चाळीस. जोड आणि वळणे धरून एकशे साठ इंच पट्टी पुरते. पट्ट्या एकमेकींशी काटकोनात ठेवून तिरक्या शिवणीने जोडाव्यात, म्हणजे जोड एका जागी जाड होत नाही. समोरच्या खालच्या कोपऱ्यांवर आमटीची वाटी उपडी ठेवून गोलाई काढून घेतली की तेथे गोट दुमडण्याची कटकट राहत नाही. पट्टी सुलट बाजूने, कडेशी कड जुळवून, पाव इंचाहून किंचित जास्त अंतरावर शिवावी. गळा आणि मुंढा या आत वळणाऱ्या कडांवर पट्टी जराशी ताणून धरावी, कोपऱ्यांच्या बाहेर वळणाऱ्या गोलाईवर ती सैल सोडावी. नंतर पट्टी आत दुमडून हाताने बारीक टाचावी. सुरुवात बगलेच्या शिवणीजवळून करावी, म्हणजे शेवटचा जोड समोर दिसत नाही.

बंद करण्यासाठी काज-बटण या कापडाला मानवत नाही. जाड थरांत काज वेडेवाकडे होते. बाराबंदीला असतात तसे कापडी बंद लावावेत. एक इंच रुंदीची पट्टी चौपदरी दुमडून पाव इंचाचा बंद होतो. सात-सात इंचांच्या दोन किंवा तीन जोड्या पुरतात, आणि प्रत्येक बंदाचे एक टोक गोट दुमडण्यापूर्वी त्यात अडकवून घ्यावे लागते. हे नंतर आठवले तर गोट उसवावा लागतो. मी तो दोन वेळा उसवला आहे. गोट नीट लावून झाला असेल आणि तो उसवायची इच्छा नसेल, तर कापडी घुंडी आणि दोऱ्याचा फासा वरून लावता येतो.

जाकीट थंड पाण्यात, रिठ्याने, हातानेच धुवावे आणि पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे वाळवावे, कारण ओले असताना आरशांच्या वजनाने खांदे लांबतात. सर्वांत आधी झिजतो तो मानेमागचा गोट, आणि त्यानंतर उजव्या बगलेवरची दोन-तीन ठिगळे. त्यासाठी गोटाची हातभर पट्टी आणि वापरलेल्या कापडांचे पाच-सहा तुकडे जाकिटासोबतच धूत राहावेत, म्हणजे ते त्याच्याबरोबर फिके होतात आणि डागडुजीची वेळ आली की वेगळे दिसत नाहीत.